गाडी तीच की दुसरी?

फेरारी कंपनीने २५० जीटीओ ही शर्यतीची गाडी १९६२ ते १९६४ या काळात बनवली. तीन लिटर इंजिनाच्या अशा गाड्या निघाल्या अवघ्या ३६. अमेरिकेत नवी घेताना तिला सुमारे १८ हजार डॉलर पडत. त्यातलीच ३४१३ क्रमांकाच्या चासीची एक गाडी २०१८च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. तसाच आकार, तसेच बारा सिलिंडर आणि हाताने ठोकून बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असलेली गाडी आजही कसबी कारागीर हुबेहूब बनवून देऊ शकतात. ती तशीच पळते. ब्रेक तर कदाचित जास्त चांगले लागतात. तरी तिला मूळ गाडीच्या किमतीचा लहानसा अंशच मिळतो. डोळ्याला, कानाला आणि हाताला जे सारखेच लागते त्याच्या मोलात एवढी दरी कशामुळे पडते, हा प्रश्न लिलावात उपटला तरी मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे. वस्तू 'तीच' असते ती कशामुळे?

गाडीची पारख करणारा माणूस या प्रश्नाला चासीच्या नळीपासून हात घालतो. नळीवर पंच मारून उमटवलेला क्रमांक तो आधी पाहतो. त्या काळी एकेक आकडा हातोडीने ठोकत, त्यामुळे ओळ जराशी वाकडी, एक आकडा खोल तर शेजारचा उथळ, असे असायचे. फार सरळ आणि एकसारखी ओळ दिसली की संशय येतो. जुना क्रमांक कानशीने घासून त्यावर दुसरा मारला असेल, तर तेही उघडे पडू शकते. पंचाचा घाव बसतो तिथे पृष्ठभागाखालचे पोलादही दाबले जाते. वरचा थर घासून काढला तरी ही दाबलेली जागा आम्लाला आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळी दाद देते, आणि गेलेला आकडा पुसटसा पुन्हा दिसू लागतो.

मग इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस यांचे क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी ताडले जातात. वेल्डिंग कोणत्या काळातले आहे, रंगाचे थर किती आहेत, पत्र्याची जाडी काय आहे, हे तपासले जाते. सर्वांत बोलका पुरावा बहुधा जुन्या शर्यतींच्या छायाचित्रांत सापडतो. १९६३च्या एखाद्या फोटोत दिव्यासाठी पाडलेले जादा भोक दिसते, किंवा रिव्हेटांच्या ओळीतला एक रिव्हेट जागा सोडून बसलेला दिसतो. आज समोर असलेल्या पत्र्यावर ती खूण, किंवा ती बुजवल्याची निशाणी, असायला हवी.

बनावटीच्या तऱ्हाही अनेक आहेत. चार आसनी फेरारी २५० जीटीई कित्येक वर्षे स्वस्त होती, म्हणून तिची चासी कापून तिच्यावर जीटीओसारखी बॉडी चढवण्याचा उद्योग पुष्कळ झाला. एक खरी फेरारी मोडून एक खोटी फेरारी तयार झाली. डेटोना या फेरारीचे उघड्या टपाचे नमुने कारखान्याने सव्वाशेच्या आतच बनवले, पण बंद टपाच्या डेटोनांची छपरे कापून बनवलेले नमुने जगभर आहेत. अशा गाडीत इंजिन अस्सल, चासी अस्सल, क्रमांक अस्सल. छपराचा अभाव तेवढा नकली. अमेरिकन गाडी-निर्माता कॅरॉल शेल्बी याच्या कोब्राची तऱ्हा आणखी वेगळी. १९६०च्या दशकात इंग्लंडच्या एसी कंपनीची चासी आणि अमेरिकन फोर्ड इंजिन जोडून सुमारे हजार कोब्रा झाल्या. प्रतिकृती त्याच्या कितीतरी पट झाल्या. यातली गंमत अशी की १९६२ साली सुरुवातीला शेल्बीकडे एकच कोब्रा होती, सीएसएक्स २००० क्रमांकाची. मासिकांना चाचणीसाठी देताना तो दर वेळी तिचा रंग बदलायचा, म्हणजे कारखान्यातून बऱ्याच गाड्या बाहेर पडत आहेत असे वाटावे. ही गाडी २०१६ साली १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली.

या सगळ्या तपासणीकडे नीट पाहिले तर कळते की परीक्षक गाडीचे गुण तपासतच नाही. तो तिचा इतिहास तपासतो. गाडी चांगली धावते का, याचा निवाडा प्रत्यक्षाने होतो. ती अस्सल आहे का, याचा निवाडा तसा होत नाही. भारतीय प्रमाणशास्त्राच्या भाषेत, आम्लात दिसलेला आकडा अनुमानाला आधार देतो आणि कारखान्याची वही, जुन्या मालकांचे करार, शर्यतीचे अहवाल हे शब्दप्रमाण ठरतात. लोखंड खोटेपणा सिद्ध करू शकते. खरेपणा सिद्ध करायला मात्र कोणाच्या तरी साक्षीवर भिस्त ठेवावी लागते. कोट्यवधी डॉलर मोजणारे गिऱ्हाईक शेवटी आप्तवाक्यावर, म्हणजे भरवशाच्या माणसाच्या शब्दावर, विश्वास टाकत असते.

साक्षी निर्मळ असल्या तरी प्रश्न संपत नाही. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंटली स्पीड सिक्स गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. शर्यतीच्या गाडीचे सुटे भाग सतत बदलले जातात, तसे तिचेही बदलले. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे इंजिन आले, आणि त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत भीषण अपघात होऊन तिचा चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. नंतर तिची पुन्हा बांधणी होऊन तिच्यावर बंद बॉडी चढली. १९९० साली ही गाडी १ कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला, तेव्हा ही ती गाडीच नव्हे, असे म्हणून खरेदीदार मागे फिरला. खटला लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे चालला. १९३० सालच्या विजेत्या गाडीतले पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेच उरले आहे, असे त्यात निष्पन्न झाले. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. सर्व भाग मूळचे आहेत असे म्हणता येत नाही. पण गाडी टप्प्याटप्प्याने बदलत गेली, तिचे अस्तित्व मध्येच कधी तुटले नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी बेंटली जगात नाही, म्हणून ही 'ओल्ड नंबर वन'च होय, असा त्या निकालाचा आशय होता.

न्याय आणि वैशेषिक या भारतीय दर्शनांच्या पंडितांना हा निकाल पटणे कठीण. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे भागांची बनलेली अखंड वस्तू, हा अवयवांहून वेगळा, खराखुरा पदार्थ असतो; कापड म्हणजे नुसती धाग्यांची बेरीज नव्हे. हे मत गाडीच्या मालकाला आवडण्यासारखे आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की एक धागा ओढून काढला की जुने कापड नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांत नवे कापड उत्पन्न होते. हा नियम काटेकोरपणे लावला तर पहिला स्पार्क प्लग बदलला त्याच दिवशी बेंटली दुसरी झाली, आणि 'ही तीच' ही आपली ओळख केवळ सारखेपणामुळे होणारी ठरली.

बौद्धांचे उत्तर गाडीच्याच दृष्टांताने सुरू होते. 'मिलिंदपञ्हो' या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद रथातून आलेला असतो. आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, की या सर्वांखेरीज रथ म्हणून काही आहे, असे भिक्षू नागसेन त्याला विचारतो. आणि 'रथ' हे अवयवांच्या आधाराने दिलेले व्यवहारापुरते नाव आहे, हे राजाला मान्य करावे लागते. मोटारीच्या प्रश्नात हा दृष्टांत नेहमी दिला जातो, पण तो इथे फारसा उपयोगी नाही. एका क्षणी रथ म्हणजे काय, एवढेच तो सांगतो. काल आणि आज यांच्यातला दुवा त्यात येत नाही. त्यासाठी त्याच ग्रंथातला पुढचा दिव्याचा दृष्टांत पाहावा लागतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नाही, आणि त्या दोन वेगवेगळ्याही नाहीत. एकीच्या आधाराने दुसरी होत गेली आहे. ऑटन यांचा निकाल या दिव्याच्या फार जवळ जातो. न्यायमूर्तींनी संतती, म्हणजे एकातून दुसरे होत जाणारा अखंड प्रवाह, मानली; द्रव्य मानले नाही.

संतती मानली की कारखान्याचा प्रश्न उभा राहतो. १२ फेब्रुवारी १९५७ला इंग्लंडमधल्या जॅग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्यात आग लागली. तिथे २५ एक्सकेएसएस गाड्या बनवण्याचे काम चालू होते; त्यांतल्या ९ गाड्या जळाल्या, १६ पूर्ण झाल्या. २०१६ साली कंपनीने राहिलेल्या ९ गाड्या आता बनवून विकण्याचे जाहीर केले. कंपनी तीच, आराखडा तोच, मधे जवळजवळ साठ वर्षे गेलेली. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ सालच्या आपल्या ग्रंथात काढलेला भेद इथे कामी येतो. स्वरलिपीवरून वाजवलेली रचना कोणीही वाजवली तरी अस्सलच असते. चित्राचे तसे नाही, ते कोणाच्या हातून उतरले यावर सारे अवलंबून असते. आणि धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राच्या अनेक प्रती निघतात, पण अस्सल प्रत तीच जी त्या मूळ पत्र्यावरून निघाली. कारखान्याची गाडी या तिसऱ्या जातीची. मूर्तिकार रोदँ वारल्यावरही त्याच्या साच्यातून काढलेले ठरावीक संख्येपर्यंतचे ओतीव पुतळे फ्रेंच कायद्याने मूळ कृती मानले जातात. जॅग्वारचा दावा त्याच धर्तीचा आहे. बाजाराने तो अर्धाच मानला. या नव्या गाड्यांची किंमत १० लाख पौंडांच्या पुढे गेली, पण १९५७च्या गाडीला मिळणारा भाव त्यांना नाही. म्हणजे साचा पुरेसा ठरत नाही. गाडी त्या काळातून आलेली असावी लागते.

ही अंधश्रद्धा म्हणता येईल का? काळातून येणे हा पत्र्याचा कोणताही मोजता येणारा गुण नाही. पण माणसाची पूज्यबुद्धी भूतकाळाशी असलेल्या अशा संबंधावर फार जुन्या काळापासून चालत आली आहे. बौद्ध परंपरेत पूजास्थानांचे तीन प्रकार सांगतात: शारीरिक, म्हणजे देहाचे अवशेष, पारिभोगिक, म्हणजे वापरातल्या वस्तू, आणि उद्देशिक, म्हणजे केवळ स्मरणासाठी घडवलेल्या मूर्ती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला. आत एकात एक ठेवलेल्या करंड्या होत्या, सर्वांत आतली सोन्याची, आणि त्या सोन्यात मातीच्या भांड्याचे बारके तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले होते. खापराला सोन्याचे कोंदण मिळाले ते खापराच्या गुणांमुळे नव्हे. ल माँ जिंकलेली बेंटली ही पारिभोगिक वस्तू आहे, आणि उत्तम प्रतिकृती ही उद्देशिक. मूर्ती खापरापेक्षा कितीही सुंदर असू शकते. पात्र हातात धरले गेले ही घटना मात्र कोणाला नव्याने घडवता येत नाही. एवढ्यापुरती संग्राहकाची ओढ अर्थहीन नाही. त्या ओढीचे पावणेपाच कोटी डॉलर व्हावेत का, हा प्रश्न वेगळा. त्या किमतीत पूज्यबुद्धी थोडी आणि दुर्मिळतेचा सट्टा बराच असतो.

याच भेदातून नीतीचा मुद्दाही सुटतो. मूर्ती घडवण्यात पाप नाही, तसे प्रतिकृती बनवण्यातही नाही. कोब्राची प्रतिकृती बनवणारे बहुतेक जण ती प्रतिकृती म्हणूनच विकतात, आणि घेणाराही ती चालवायला घेतो. कायदा मात्र इतका उदार नाही. 'मायामी व्हाइस' या अमेरिकन मालिकेतला नायक जी डेटोना चालवायचा ती शेव्हरोले कॉर्व्हेटवर उभारलेली नक्कल होती. फेरारीने हरकत घेतल्यावर ती गाडी पडद्यावर स्फोटात उडवण्यात आली आणि तिच्या जागी खरी फेरारी टेस्टारोसा आली. तशाच प्रतिकृतींच्या एका खटल्यात १९९१ साली अमेरिकेच्या सहाव्या सर्किट न्यायालयाने, खरेदी करणाऱ्याची फसवणूक झाली नसली तरी रस्त्यावर पाहणारे गोंधळतात, या आधारावर फेरारीचा हक्क मानला. आकाराची मालकी हा व्यापाराचा प्रश्न झाला. खोटा क्रमांक ठोकणे ही याहून वेगळ्या जातीची गोष्ट आहे. त्यात एका गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात हे खरेच, पण ज्या साक्षींवर सगळ्याच गाड्यांचे खरेपण उभे आहे त्यांत एक खोटी साक्ष मिसळते. मग खऱ्या गाडीच्या मालकालाही आपल्या गाडीची साक्ष नव्याने काढावी लागते.

संततीच्या मताला खरा पेच पडतो तो प्रवाह दोन वाटांनी फुटतो तेव्हा. थेसियसच्या गलबताच्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या, मग ते गलबत तेच की दुसरे, ही कथा ग्रीक लेखक प्लुटार्कने सांगितली आहे. १६५५ साली इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने तिच्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांतून दुसरे गलबत जोडले, तर दोहोंतले खरे कोणते? १९५४च्या फेरारी ३७५ प्लस गाड्यांपैकी ०३८४ एएम क्रमांकाच्या गाडीबाबत हेच घडले. १९८०च्या दशकात तिचा सांगाडा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून चोरीला गेला, बेल्जियमला पोचला आणि तिथे त्यावर नवी बॉडी चढून तो पुन्हा धावता झाला. काही मूळ भाग आणि मालकीचा दावा मागे ओहायोतच राहिला. अनेक वर्षे एकाच क्रमांकावर दोन बाजू हक्क सांगत होत्या. शेवटी तडजोड होऊन सर्व भाग एकाच विक्रीत आणले गेले, आणि जून २०१४मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुड इथे ती गाडी सुमारे १ कोटी ७ लाख पौंडांना गेली. फळ्यांची दोन्ही गलबते एकाच धन्याच्या नावावर झाली. त्यानंतरही विक्रीच्या हक्कावरून न्यायालयात दावे चालूच राहिले.