बाळाच्या अंगावर हक्क कुणाचा?

सुंता हा शब्द आपल्या घरांत उच्चारत नाहीत. उच्चारलाच तर टोमणा म्हणून. त्यामुळे आमच्या नात्यातल्या सात वर्षांच्या मुलाला इथल्या, इंदूरच्याच डॉक्टरांनी ती करायला सांगितली तेव्हा घरात जणू सुतक आले. लघवी करताना कातडी फुगायची, पोर कळवळायचे, वर्षात तीनदा पू झाला. मलमाने बहुतेक मुलांना गुण येतो. याला आला नाही. आजींचे एकच, "पोराला बाटवता काय?" त्या एका वाक्यापायी चार महिने गेले, आणि ते त्या पोराने सोसले. शेवटी ऑपरेशन झाले, पंधरा दिवसांत तो शाळेत गेला.

एक सांगते, मैत्रिणींनो. लहानपणी ही कातडी चिकटलेलीच असते, तो आजार नव्हे. आंघोळ घालताना ती ओढू नका. बहुतेकांची वयात येईतो आपोआप सुटते.

आजींना मी अलिबागकडच्या बेने इस्रायलांची गोष्ट सांगितली. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. मराठी बोलणारे, पेणकर-रोहेकर अशी आडनावे लावणारे ज्यू. बाकीच्या ज्यूंपासून शतकानुशतके तुटले, हिब्रू विसरले, पण आठव्या दिवशी मुलाची सुंता विसरले नाहीत. बरेच काही हरवल्यावरही ही खूण त्यांना धरून राहिली. तिला नुसती क्रूर म्हणून मोकळे व्हायला माझी जीभ धजत नाही.

आता तिला आरोग्याचाही आधार मिळाला आहे. पुण्यात 2298 पुरुषांचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. सुंता झालेल्यांत एचआयव्हीची लागण बरीच कमी आढळली. मग दक्षिण आफ्रिका, केनिया, युगांडा इथल्या चाचण्यांत पुरुषांचा धोका निम्म्याहून जास्त घटला आणि 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, जिथे साथ मोठी आहे तिथे, ती सुचवली. पण हे संरक्षण पुरुषाचे. युगांडात लागण झालेल्या पुरुषांची सुंता करून पाहिली, त्यांच्या बायकांचा धोका काही कमी झाला नाही. तेव्हा "आता निरोधची गरज काय" असे कुणी म्हणू लागला तर ऐकू नका.

शिवाय त्या चाचण्यांतले पुरुष कळते होते, स्वतः हो म्हणालेले. आठ दिवसांच्या बाळाला कसला धोका? ते मोठे होऊन ठरवू शकते. 2012 मध्ये जर्मनीत कोलोनच्या कोर्टाने हेच धरून सुंतेला इजा ठरवले. ज्यू-मुसलमान हादरले, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून परवानगी दिली. मला कोर्टाचे तत्त्व पटते आणि संसदेची घाईही समजते. अनेकान्त म्हणा हवे तर.

आपण अहिंसावाले मात्र दुसऱ्यांच्या सुरीकडे बोट दाखवून सुटतो. पर्युषणात नऊ वर्षांच्या पोरीने अठाई केली, आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर, की आपण मिरवणूक काढतो. ती स्वतःच हो म्हणाली, असे कौतुकाने सांगतो. तिचे 'हो' बाळाच्या गप्प राहण्याहून मोठे, कबूल. पण पत्रिका वाटून झाल्यावर पाचव्या दिवशी तिने खायला मागितले, तर आपल्या घरात काय होते?