मांजराची घुरघुर

दहावीच्या सराव परीक्षेच्या दिवसांत आमच्या उर्दू शाळेत एका मांजराने मुक्काम ठोकला. गणिताच्या धास्तीने खचलेली एक मुलगी मधल्या सुट्टीत त्याला मांडीवर घेऊन बसे. ते घुरघुरू लागले की तिचा चेहरा सैल होई. "सर, इसको सब समजता," ती म्हणे. आम्ही हसण्यावारी नेले. घरी अब्बांना गुणांची घाई, अम्मीला लग्नाची. तिचे ऐकून घेणारे कोणी नव्हते. आम्हीही नव्हतो.

तिचा अनुभव खोटा नव्हता. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी दहा मिनिटे कुत्र्या-मांजरांना कुरवाळले, त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाचे द्रव्य नुसते पाहत थांबलेल्यांपेक्षा कमी भरले.

पण एके दिवशी मांजराचा पाय सायकलखाली आला. रक्त वाहत होते आणि ते घुरघुरत होते! मुले म्हणाली, दुखत नसेल. आम्हालाही तसेच वाटले. पुढे वाचनात आले की मांजर वेदनेतही घुरघुरते. भूक लागली की काही मांजरे घुरघुरीत रडण्यासारखा सूर मिसळतात, हे कॅरेन मॅकोम्ब यांनी २००९ मध्ये दाखवले आहे.

म्हणजे मुलीने ज्याला माया समजले, ती कदाचित भूक असेल. मग तिला मिळालेला दिलासा खोटा ठरतो काय? आम्हाला तसे वाटत नाही. तिचा ताण खरोखरच उतरला होता. खोट आमच्यात होती. औषधाची बाटली वापरावी तसे आम्ही त्या जिवाला वापरू दिले. बाटलीला भूक नसते.

मांजराला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण सारे लहानपणापासून ऐकतो. तिने त्याला खायला दिले नाही, की किडेमकोडे खायला मोकळेही सोडले नाही, म्हणून ती शिक्षेला पात्र झाली. त्या मांजराने तिला काय सुख दिले होते, याचा तिथे उल्लेखही नाही. जीव पदरी आला, एवढेच पुरे. (वर्गात ही हदीस आम्ही किती वेळा सांगितली असेल! पाठ होती, एवढेच.)

शेवटच्या पेपरनंतर ती मुलगी निरोप घ्यायला आली. पेपर कसा गेला, हे आम्ही विचारण्याआधीच तिने विचारले, "सर, छुट्टीमें इसको कौन देखेगा?"

शाळेच्या फाटकाची किल्ली सुट्टीत शिपायाकडे असते. त्या संध्याकाळी आम्ही ती मागून घेतली.