खापर कुणावर?

बोर्ड कशाने बिघडला हे आधीच ठाऊक असलं की दुरुस्ती सोपी होते, असा समज आहे. माझं मत उलट आहे.

१९८२ साली केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने काढलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक घ्या. त्याला ९ व्होल्ट डीसी लागतात, पण पिनची आतली बाजू ऋण आणि बाहेरची धन. आजचे बरेचसे अडॅप्टर नेमके याच्या उलट. मूळचा हरवला म्हणून कुणी घरातला दुसरा खुपसतो, किंवा तुटलेली वायर उलटी जोडतो, आणि मशीन गप्प.

मग पंचनामा सुरू होतो, पण आरोपी आधीच पकडलेला! 'उलटा करंट गेला, सगळं जळलं,' म्हणत लोक चिपा उपटायला बसतात. चूक शिरली कुठून हे कळलेलं असतं. ती पोचली कुठवर, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

स्पेक्ट्रममध्ये ही वाट वाकडी आहे. पहिल्या १६ केबी मेमरीच्या आठ चिपा ४११६ जातीच्या. त्यांना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यातले +१२ आणि −५ तयार करणाऱ्या सर्किटमधला टीआर४ हा ट्रान्झिस्टर गेला की −५ नाहीसं होतं, आणि धन पुरवठा तसाच चालू राहिला तर चिप आतून तापून मरते. म्हणजे मेमरीचा जीव घेणारा उलटा करंट नसून मेलेला ट्रान्झिस्टर असू शकतो. त्याला तसाच ठेवून नवी मेमरी बसवली, तर तीही जायची. म्हणून आधी मल्टिमीटर: चिपेच्या १ नंबरच्या पायावर −५, ८ वर +१२, ९ वर +५. हे जुळेपर्यंत सोल्डरिंग गनला हात लावू नये.

व्होल्टेज जुळल्यावर पडदा स्वतःच बोलतो. त्यावरचे सलग आठ ठिपके म्हणजे एक बाइट, आणि प्रत्येक चिप त्यातला एकच बिट सांभाळते. एक चिप मेली तर दर आठ ठिपक्यांनी उभी रेघ उमटते. रेघेची जागा पाहून चिप ओळखता येते. इतकी सरळ साक्ष आजची यंत्रं देत नाहीत.

एवढं करून मशीन सुरू होतं, आणि काही बटणं चालत नाहीत. पुन्हा बोट अडॅप्टरकडे. वास्तविक की-बोर्डखालची पातळ प्लॅस्टिक फीत वयानुसार वाळून तडकते. उलटं कनेक्शन झालं नसतं, तरी ती तडकलीच असती. मालकाला हे पटवणं मात्र आठ चिपा बदलण्यापेक्षा कठीण.