नामनिर्देशित व्यक्ती

आमच्या ग्राहक भांडाराच्या संचालक मंडळानं ठराव केला आणि नमुना 9 मध्ये माझं नाव गेलं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 66 प्रमाणे भांडाराच्या हातून गुन्हा घडला, तर जाब द्यायचा तो मी. तेव्हापासून माझी तपासणी कडक झाली म्हणून कौतुक होतं. ते मला टोचतं. कडक झालो तो खाणाऱ्याच्या काळजीनं की स्वतःच्या नावाच्या?

कस लागतो तो भगरीत. श्रावणापासून नवरात्रापर्यंत हवा दमट आणि उपवासाच्या मालाला उठाव. ओल धरलेल्या भगरीवर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढते, ती विष तयार करते. शेंगदाण्यावर तीच तऱ्हा. तिथलं विष अफ्लाटॉक्सिन. माल उन्हात टाकला की ओल जाते, कुबट वासही जातो. विष जात नाही. भाजूनसुद्धा पुरतं जात नाही. सुटी भगर घेऊ नका, पाकीटबंद घ्या, असं अन्न व औषध प्रशासन सणांच्या तोंडावर सांगत असतं. 2024 च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात एकादशीच्या प्रसादातून शेकडो भाविकांना विषबाधा झाली. प्रसाद भगर-आमटीचाच होता.

माझी फाइल चोख आहे. पुरवठादाराचा 14 अंकी परवाना क्रमांक, बिलं, लॉट, मुदत, कामगारांचे वार्षिक वैद्यकीय दाखले. वाजवी काळजी घेतल्याचा बचाव कलम 80 देतं, आणि हे कागद म्हणजे तो बचाव. पण फाइल पुरी झाली की मन निवांत होतं, पोतं उघडायच्या आधीच. कायद्याला त्यात काही वावगं दिसणार नाही. मला दिसतं.

बाजारातलं गिऱ्हाईक दाणा चावून बघतं, नाक मुरडतं, दुसऱ्या दुकानात जातं. आमचा सभासद पाकीट उलटूनही पाहत नाही, ‘आपलंच भांडार’. भागाच्या रकमेबरोबर त्यानं आपला संशयही माझ्याकडे ठेव म्हणून ठेवलाय. तो मी सगळ्यांवर सारखा वापरतो का? परक्या व्यापाऱ्याला ‘माल परत न्या’ म्हणताना माझा आवाज चढतो. सभासद काकूंच्या भाजणीला ओलसर वास आला, तर तीही परत करतो, पण सकाळी, दुकानात कुणी नसताना, हळू आवाजात. त्यांची लाज राखतो म्हणावं, तर स्वतःवर येणारा वाईटपणाही त्यातच टळतो. दोन्हींतलं खरं किती, हे वेगळं करता येत नाही.

मग सभा. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तिथे लाभांश विचारतात, घट विचारतात. काय टाकलं आणि का टाकलं, हे कुणी विचारत नाही. टाकलेला माल घटीच्या एका आकड्यात मुकाट जाऊन बसतो. तो आकडा लहान असला की व्यवस्थापक हुशार, असा आपल्याकडचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे असं माझं मत आहे, आणि लहान आकडा मलाही आवडतो.

यंदा अहवालाच्या मसुद्यात मी स्वतंत्र ओळ घातली: बुरशी व ओल यांमुळे नष्ट केलेला माल, शेजारी रक्कम. सचिवसाहेबांनी पेन्सिलीनं खूण करून विचारलं, ‘याची गरज आहे का?’ आहे, असं लिहून मसुदा परत पाठवला. पाठवताना क्षणभर बरं वाटलं. मग लगेच मनात आलं, पुढे कधी काही झालंच, तर ‘मी लेखी कळवलं होतं’ म्हणायला ही ओळही उपयोगी पडेल.