मूर्तिजापूरपासून मोजलेलं अंतर

मुंबई ते लंडन हे हवेतलं अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. विमानाला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात. येताना तासभर कमी, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि ते विमानाला मागून रेटतात. मूर्तिजापूर ते मुंबई रेल्वेने सव्वासहाशे किलोमीटरच्या आत, पण त्यालाही दहा तासांच्या आसपास लागतात. आपल्या स्टेशनावरून अमरावती एक्स्प्रेसने निघालेला माणूस सीएसएमटीला उतरतो, तेवढ्या वेळात मुंबईहून उडालेला लंडनला टेकतो.

हा हिशेब मांडावासा वाटतो तो अंगणात सतरंजी टाकलेली असते तेव्हा. मुलगा परदेशात, इकडे वडील गेलेले. आलेल्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणतंच, ''एवढी इमानं उडून रायली, मंग पोराले याले काय झालं होतं?''

तो मुलगा कॅलिफोर्नियात असेल तर? सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. मध्ये एकदा विमान बदलायचं म्हटलं तरी वीस-बावीस तास सहज जातात. त्याआधी तिकीट मिळायला हवं, मुलांना कुणाच्या तरी हवाली करायला हवं, व्हिसाची मुदत बघायला हवी. एकदा बाहेर पडल्यावर परत आत घेतील की नाही, याचा घोर वेगळाच. मुंबईत उतरला की पासपोर्टची रांग, मग सामान. तिथून नागपूरचं विमान धरलं तर पुढे दोनशेवर किलोमीटर गाडीने. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली, याचा आनंद मलाही झाला. पण सुरुवातीला ते विमान आठवड्यातून तीनच दिवस होतं आणि मरण वार बघून येत नाही. सगळं जुळून आलं तरी दीड दिवस धरावाच लागतो. इकडे सकाळी माणूस गेला तर संध्याकाळच्या आत न्यायची आपल्याकडची रीत.

शकुंतला रेल्वेच्या गावातल्या माणसांना तरी हे वेगळं सांगायला नको. यवतमाळ इथून त्या रुळांवरून ११३ किलोमीटरच. तरी शकुंतलेने जायचं म्हणजे दिवस मोडायचा. किलोमीटर विचारून तेव्हा कुणी निघत नसे, ''पोचते कधी?'' एवढंच विचारत. परदेशातल्या लेकरालाही तोच प्रश्न लावावा. त्याच्या मायेचं माप विमानाच्या वेगावरून काढणं अन्यायाचं आहे. तिकडे विमानतळावरच्या खुर्चीत बसून मोबाईलवर बापाची तिरडी उचललेली बघणाऱ्यावर काय गुदरतं, ते इकडून कळत नाही.

म्हणून ज्या घरातली मुलं लांब आहेत, त्यांनी हे बोलणं धडधाकट असतानाच काढावं. अशुभ म्हणून टाळू नये. थांबायचं तर किती थांबायचं, शीतशवपेटी कुठे मिळते, मुलगा पोचणारच नसेल तर अग्नी कुणी द्यायचा, हे आई-वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवावं. लेक अकोल्यात किंवा अमरावतीत असेल, तर तिला तासा-दीड तासात येता येतं. लेकी आता खांदा देतात, अग्नीही देतात.