निष्कर्ष कुणाच्या सोयीचा?

व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्याला 'काम कुठवर आलं?' असं विचारलं, की बरेचदा उत्तर येतं, 'डेटा झालाय, आता ॲनालिसिस कोण करून देईल ते बघतोय.' गुगल फॉर्म ओळखीच्या दोन-तीन कंपन्यांत फिरलेला असतो, माणसांनी पाचातल्या एका पर्यायावर टिचकी मारलेली असते आणि फाइल एसपीएसएस हे सॉफ्टवेअर जाणणाऱ्या कुणाच्या तरी हाती जाणार असते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली कलकत्त्यात, भारतीय संख्याशास्त्रज्ञांसमोरच या सवयीवर बोट ठेवलं होतं. प्रयोग उरकल्यावर आम्हाला बोलावलंत तर आम्ही फार तर शवविच्छेदन करू, प्रयोग कशाने गेला तेवढं सांगू, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

फिशर यांची पद्धत शेतातल्या प्रयोगांवर घडली. तिथे चुकीचा निष्कर्ष निघाला तर पीक कमी येईल. कामाच्या जागी प्रयोग माणसांवर होतो, आणि तिथे आणखी एक गोष्ट घडते. आराखडा ढिला असला की एकाच आकड्याचे चार अर्थ लागू शकतात, आणि त्यांपैकी टिकतो तो बहुधा अधिकार असलेल्याच्या सोयीचा.

हॉथॉर्नचा इतिहास याच दृष्टीने वाचायला हवा. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या या कारखान्यात १९२४ पासून दिव्यांचा उजेड कमीजास्त करून उत्पादन मोजलं गेलं. १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच तरुणींना वेगळ्या खोलीत बसवलं आणि विश्रांतीच्या, कामाच्या वेळा एकामागून एक बदलत नेल्या. उत्पादन वाढत गेलं. त्यातून जगभरच्या वर्गांत शिकवला गेलेला धडा असा, की कामगाराकडे कुणीतरी लक्ष दिलं की तो जास्त काम करतो; पगारापेक्षा आपुलकी मोठी.

पण त्या खोलीत आणखी काय काय बदललं होतं? आधी या मुलींची कमाई मोठ्या विभागाच्या एकत्रित उत्पादनावर ठरे. खोलीत आल्यावर ती त्या पाच जणींच्याच कामावर ठरू लागली. जास्त मेहनतीचा पैसा आता थेट हातात येत होता. फार बोलतात, नीट काम करत नाहीत म्हणून १९२८ च्या जानेवारीत दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या गेल्या. तुलनेसाठी समांतर गट नव्हता. १९७८ साली फ्रँकी आणि कौल यांनी याच आकड्यांचं पुन्हा विश्लेषण केलं, तेव्हा शिस्तीचा बडगा, आर्थिक मंदी आणि विश्रांतीचा वेळ यांतूनच बहुतेक चढउतारांचा उलगडा झाला. उजेडाच्या प्रयोगाची नोंद नष्ट झाली असं मानलं जात होतं. ती लेव्हिट आणि लिस्ट यांनी मिळवून २०११ मध्ये तपासली. दिवे रविवारी बदलले जात आणि सोमवारी उत्पादन वाढलेलं दिसे. पण दिव्यांना हात न लावलेल्या आठवड्यांतही ते सोमवारी वाढतच होतं.

आपुलकीचा अर्थ इतकी वर्षं का टिकला? पगारवाढीपेक्षा आपुलकी स्वस्त पडते, हे त्याचं एक कारण असावं.

आजच्या प्रश्नावल्यांत ढिल्या आराखड्याची हीच चूक अधिक सभ्य रूपात येते. एकाच फॉर्ममध्ये, एकाच बैठकीत 'तुमचे साहेब कसे आहेत?' आणि 'कामात मन रमतं का?' असं विचारलं, तर दोन्ही उत्तरांवर त्या दिवसाच्या मनःस्थितीचा रंग चढतो आणि सहसंबंध हमखास सापडतो. ज्यांना साहेब असह्य झाले ते नोकरी सोडून गेलेले असतात. नमुन्यात उरतात ते सहन करणारे. दहा टीममधली दोनशे माणसं म्हणजे दोनशे सुटे पुरावे नव्हेत. एका साहेबाच्या हाताखालच्या वीस जणांची उत्तरं एकमेकांसारखी असतात, म्हणून साहेबाच्या वागणुकीबद्दल बोलताना आपला नमुना दहाच्या जास्त जवळ असतो. हे विसरलं की प्रमाण त्रुटी खोटी लहान दिसते आणि नसलेला परिणाम 'सिग्निफिकंट' ठरतो. बहुस्तरीय मॉडेल शिकायचं ते यासाठी. मात्र टीमची नोंदच घेतली नसेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर ती मागाहून आणून देत नाही.

आराखडा नीट असेल तर सोयीचा समज मोडूही शकतो. घरी बसवलं की माणसं कामचुकारपणा करतात, ही साहेबलोकांची जुनी धारणा. सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीने शांघायच्या कॉल सेंटरमध्ये ती तपासू दिली. घरून काम करायला तयार असलेल्या २४९ पात्र कर्मचाऱ्यांपैकी सम तारखेला जन्मलेले घरी गेले, विषम तारखेचे ऑफिसात राहिले. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. जन्मतारखेचा आळशीपणाशी संबंध नसतो, म्हणून या फरकाला 'मुळात मेहनती लोकच घरी गेले असतील' ही पळवाट उरली नाही. तरी हा निष्कर्ष स्वतःहून तयार झालेल्यांपुरता आहे. सगळ्यांना घरी बसवून तो लावणं ही पुन्हा नवी चूक ठरेल.

प्रत्येक प्रश्नाला अशी चिठ्ठी टाकता येत नाही. वाईट साहेब वाटून देण्याचा प्रयोग कुणी करणार नाही, करूही नये. तिथे तुलनेचा गट शोधायचा, वेगवेगळ्या वेळी मोजायचं, सोडून गेलेल्यांना गाठायचं आणि गृहीतक आकडे पाहण्याआधीच लिहून ठेवायचं. हे करायला वेळ लागतो आणि कंपनीची परवानगीही लागते. परवानगी देणारा बहुधा एचआरचा किंवा व्यवस्थापनाचा माणूस असतो. ज्यांच्याविषयी निष्कर्ष निघणार ते उत्तराला तिथे हजर नसतात. म्हणून प्रगत संख्याशास्त्र शिकणाऱ्याने एक शिस्त स्वतःला लावून घ्यावी: परवानगी देणाऱ्याला जो निष्कर्ष सर्वांत जास्त आवडेल, सर्वांत कडक चाचणी त्याचीच घ्यायची.