वाचणे : सीमाप्रदेशाच्या दोन कादंबऱ्या

मराठीत 'वाचणे' हे एकच क्रियापद जिवंत राहणे आणि लिहिलेले उमगून घेणे अशा दोन्ही अर्थांनी येते. हा निव्वळ रूपसाम्याचा योगायोग असू शकेल; परंतु सीमाप्रदेशातील हिंसेच्या कादंबऱ्यांपुढे एक नैतिक प्रश्न मांडण्यास तो उपयोगी पडतो. जो वाचला, त्याने काय वाचले?

फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे सादर केलेल्या निबंधात अमेरिकन लोकशाहीचे व व्यक्तिवादाचे मूळ पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या सीमारेषेत शोधले. या मांडणीच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. तगून राहणे हाच तेथे गुण ठरतो आणि जे मारले गेले ते हिशेबाबाहेर राहतात. कॉर्मॅक मॅकार्थी यांची 'ब्लड मेरिडियन' (१९८५) हेच गृहीत मोडून काढते. १८४९ मध्ये चिवावाच्या शासनाने अपाचे लोकांच्या टाळूच्या कातड्यांसाठी मोबदला देऊ केला. तो मिळवणारी ग्लँटनची टोळी इतिहासात खरोखर होऊन गेली. कादंबरीतील 'किड' या टोळीच्या संहारातून वाचतो. पण त्यातून त्याला ना शहाणपण लाभते, ना पावित्र्य. उत्तरायुष्यात तो बायबल जवळ बाळगतो, मात्र त्यातील एक शब्दही त्याला वाचता येत नाही. खडकांच्या आडोशाला बसलेल्या वृद्धेला तो मदत देऊ करतो, तेव्हा ती केव्हाच मरून सुकून गेलेली असते. त्याची करुणा खरी आहे. तिला फार उशीर झालेला आहे.

त्याच्या उलट टोकाला जज होल्डन आहे. त्याला सारेच वाचता येते. जुन्या अवशेषांची चित्रे तो वहीत उतरवतो आणि मूळ वस्तू नष्ट करतो. ज्ञान हे येथे ताब्यात घेण्याचे साधन आहे. म्हणून निरक्षर किडच्या तुलनेत साक्षर जज अधिक नैतिक ठरत नाही. उलट साक्षरता हीच हिंसेची परिपूर्ती होते. येथे वाचकाचीही अडचण होते. मॅकार्थींच्या भव्य गद्यातून कत्तलीचे वर्णन वाचताना आपल्याला जो आनंद होतो, तो जजच्या वहीपासून कितीसा दूर असतो? आणि या गद्यात मूलनिवासींना अंतरंग जवळजवळ लाभतच नाही, हेही नोंदवले पाहिजे.

जे. एम. कुट्सी यांच्या 'वेटिंग फॉर द बार्बेरियन्स' (१९८०) या कादंबरीतील दंडाधिकारी हाही वाचक आहे. वाळूत गाडलेल्या वस्तीच्या अवशेषांतून त्याने लाकडी पट्ट्या जमवल्या आहेत. त्यांवरची लिपी त्याला लागत नाही. छळ झालेल्या मुलीचे पाय तो धुतो, तिच्या अंगावरच्या खुणांचा अर्थ शोधतो. ही सेवा आहे, पण तीत जजच्या वहीचा अंशही आहे, आणि आपण व छळ करणारा कर्नल जॉल एकाच सत्तेची दोन रूपे आहोत हे त्याला पुढे कळून चुकते. जॉल पट्ट्यांचा अर्थ विचारतो तेव्हा तो छळाच्या कहाण्या रचून 'वाचून' दाखवतो. अर्थ कल्पित असतो, आरोप मात्र खरा.

स्वतः छळ सोसून वाचल्यावर तो त्या वर्षाचा इतिहास लिहू पाहतो. हातून उतरते ते एक गोड, खोटे वर्णन. मग पट्ट्यांना जवसाचे तेल लावून तो त्या मेणकापडात गुंडाळतो आणि जेथे सापडल्या तेथेच पुरण्याचा संकल्प करतो.

ही कृती छोटी आहे आणि तिने कोणाचाही जीव परत येत नाही. तरीही तीत वाचलेल्या माणसाच्या कर्तव्याची एक दिशा दिसते. स्वतःला न लागलेला अर्थ त्याने नष्ट करू नये, त्यावर मालकीही सांगू नये. तो पुढच्या वाचकासाठी राखून ठेवावा. जगून राहणे निरपराधित्वाचा पुरावा नव्हे. ते दुसऱ्याच्या साक्षीचे ऋण आहे. हे ऋण फेडता येते की नाही, हा प्रश्न दोन्ही कादंबऱ्या खुला ठेवतात. ते नाकारता येत नाही, एवढे मात्र त्या निश्चित करतात.